भरून आलेली जागा

११ फेब्रुवारी

आज शहरात जाऊन डॉ. लिंडक्विस्टना भेटून आलो. रस्त्यात बर्फ होतं, पण मन हलकं होतं, म्हणून गाडी हलकी वाटली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोच्या, क्लेमन्सच्या, आतड्याचे फोटो पडद्यावर लावले आणि म्हणाल्या, "औषध लागू पडलंय. सूज गेली. आतल्या जखमा भरून आल्यात."

मी टोपी काढली. चाळीस वर्षं क्रोनच्या दुखण्याने हिचं आतडं आतून सोलून काढलं आहे. दोनदा पोट उघडून तुकडे काढले. 'भरून आल्यात' हे शब्द त्या खोलीत मी पहिल्यांदा ऐकले.

पुढे त्या बराच वेळ पेशींबद्दल बोलत होत्या. मी खिडकीबाहेरच्या मेपलकडे बघत होतो (शहरातला मेपल, बिचारा, गोड रसासाठी कधी कुणी त्याला भोक पाडलेलं नाही). पण एक गोष्ट आवडली, ती लिहून ठेवतो. जखम झाली की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मरतात आणि त्यांच्या खाली डागडुजीवाल्या पेशी गोळा होतात. वाढतात, धागे काढतात, विणतात. काम झालं की त्यांनी मरून जायचं असतं, असा नियम. "यांच्या त्या मरत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "जखम भरली तरी विणतच राहिल्यात."

मला ते फार सुंदर वाटलं. न थकणाऱ्या विणकरणी! शरद ऋतूत मेपल स्वतःच देठाशी पान तोडतो, तेही असंच कुणीतरी ठरवलेलं मरण. शाळेच्या पुस्तकात यावर एखादी कविता असायला हवी होती. मिस पेल्कींनी आम्हाला घोळून घोळून शिकवली असती.

क्लेमन्स पर्समध्ये रुमाल शोधत होती. आनंदाने रडली असणार.

परतताना मी म्हणालो, "क्लेम, यंदाची मेपलची साखर शेवटची. पुढल्या वर्षी हे गुडघे त्या उतारावर चढत नाहीत."

लाकडी पुलावर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "शेवटची ना? मग नीट करू या."

१५ फेब्रुवारी

शेजारची थेल्मा तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. मीच जाणार होतो, पण बादल्या धुवायच्या होत्या आणि क्लेमन्सनेच मला हाकलून दिलं. "तू आलास की डॉक्टरांना झाडांच्या गोष्टी सांगत बसतोस. माझं पोट राहतं बाजूला."

संध्याकाळी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणाल्या, साखर आटोपल्यावर बघू."

"म्हणजे घाई नाही."

"घाई तुला आहे. बादल्या झाल्या का?"

थेल्मा दारात उभी होती. चहाला थांबली नाही. तिचं हल्ली असंच चाललंय, माझ्याकडे बघतही नाही नीट. नवरा गेल्यापासून बाई तुटक झाली.

२३ फेब्रुवारी

झाडांना तोट्या ठोकायला सुरुवात केली. क्लेमन्स सोबत आली. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना थांबत होती, पण आली. पहिली तोटी नेहमीप्रमाणे 'मास्तरणी'ला. उतारावरच्या त्या जुन्या मेपलला मिस पेल्कींचं नाव आम्ही दोघांनी शाळेत असतानाच दिलं होतं. सरळसोट, करडी आणि दर वर्षी देणारी. तिच्यासमोर टोपी काढून पेल्कीबाईंची कविता म्हणायची, हाही आमचाच रिवाज:

थेंबाथेंबाने दे रे झाडा,
दिलेस ते ना उणे पडे;
घाव तुझा हा भरून येता
नवे पान फांदीस जडे.

म्हटली, आणि गिरमिट लावलं. भुसा तपकिरी निघाला.

पांढरा भुसा म्हणजे जिवंत लाकूड, तपकिरी म्हणजे मेलेलं. मेपलला पाडलेलं भोक दोन वर्षांत वरून बंद होतं, साल चढते, पण आतलं लाकूड त्या जागी वर-खाली मरून गेलेलं असतं आणि त्यातून रस पुन्हा कधीच चढत नाही. म्हणून जुन्या भोकापासून हातभर सरकून नवं पाडायचं. माझ्या बापाने मला हे शिकवलं तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. आणि मी आज जुन्याच जागेवर गिरमिट लावलं.

"दिसलंच नाही," मी म्हणालो. "इतकं छान भरून आलंय."

क्लेमन्सने हातमोजा काढून सालीवर बोट फिरवलं. "वरून भरलंय म्हणून आत जिवंत असेल असं थोडंच असतं, ऑरिन?"

"आता तूही पेल्कीबाई झालीस."

ती हसली नाही. थकली होती.

२ मार्च

अजून गारठाच. रस नाही.

एक चांगली गोष्ट: क्लेमन्सचं अंग भरतंय. आज तिला निळ्या स्कर्टचं बटण लावता येईना. मला म्हणाली, "हसू नकोस," आणि माझा जाडा स्वेटर वरून घातला. आता तोच घालून असते. चेहरा मात्र निमुळता झालाय, गाल आत गेलेत. दिव्यासमोर बसली की शाळेतल्यासारखी दिसते. तिसऱ्या बाकावरची, वेणीला लाल फीत बांधणारी क्लेमन्स. मी तिच्या मागे बसायचो आणि कविता विसरलो की ती मान न वळवता पुढची ओळ पुटपुटायची.

जेवतेही चांगली. माझं ताट अर्धं होईतो तिचं रिकामं. मग लगेच रेडिओ मोठा करते. इतका मोठा, की मला माझा चमचा ऐकू येत नाही. विचारलं तर म्हणाली, "माझ्या पोटात तुझी कढई उकळतेय. ती ऐकण्यापेक्षा बाजारभाव ऐकलेले बरे."

आमचा कुत्रा, बटन, यंदा फार माजलाय. हिवाळ्यात पळापळ नाही, दुसरं काय. पोट जमिनीला टेकेल आता.

८ मार्च

रस आला!

पहाटे गारठा, दुपारी ऊन, आणि सगळा उतार टिपटिप वाजायला लागला. साखरघरात, म्हणजे रस उकळायच्या खोपटात, भट्टी पेटवली, कढई ठेवली. वाफ छपराच्या फटींतून निघाली तेव्हा मी रडलो, लिहायला हरकत नाही. शेवटची.

वर्षातला पहिला चमचा क्लेमन्सचा. पाक झाला की नाही, हे यंत्रं सांगतील, पण आमच्या घरात ती सांगते. चमचा फुंकून तोंडात धरला, डोळे मिटले. बराच वेळ धरून ठेवला.

"गेल्या वर्षीपेक्षा गडद," ती म्हणाली. "पण आहे. मातीची चव आहे."

"अजून एक घे."

"पहिला एकच असतो." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. तिला घाम आला होता. साखरघरात उकडतंच.

१४ मार्च

कोंबड्यांच्या खुराड्यामागे बर्फावर घाण दिसली. काहीतरी ओकलेलं, त्यात वाटाणे तसेच्या तसे. कोल्हा आजारी असणार. थेल्माला सांगितलं, तुझ्या मांजरांना आत ठेव. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "ऑरिन, तू कधी खाली बघून चालतोस का रे?"

"झाडांकडे बघतो."

"तेच," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

क्लेमन्सला सांगितलं. तिने फावडं घेऊन स्वतःच साफ केलं. नको म्हटलं, ऐकलं नाही.

२३ मार्च

दोन दिवस क्लेमन्स खुर्चीतच झोपतेय. आडवं झालं की छातीत जळजळतं म्हणे. गरम पाण्याची पिशवी पोटाशी. मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करतो. तिने माझा हात धरला. तिचा हात इतका हलका कधी झाला?

"कळ्या फुटायला किती दिवस, रे?"

"हवा अशीच राहिली तर तीन आठवडे."

"मग साखर संपेल. तेव्हा जाऊ."

तिला साखरेची माझ्याहून जास्त काळजी. आम्हाला मूलबाळ नाही, हा उतारच आमचा.

२९ मार्च

घाईत लिहितो.

आज बर्फावरच्या पाकाचा दिवस होता. सगळी वस्ती दर वर्षी आमच्याकडे येते. ताज्या बर्फाने परात भरायची, त्यावर उकळता पाक ओतायचा, चिवट दोऱ्या होतात, काट्याला गुंडाळून खायच्या. सोबत डोनट, आणि मध्ये मध्ये आंबट मुरवलेली काकडी, म्हणजे गोडाचा कंटाळा येत नाही. काकडीशिवाय हा सण होतच नाही. चाळीस वर्षं क्लेमन्सने ती सगळ्यांना वाढली आणि स्वतः कधी खाल्ली नाही. साल आणि बिया तिला चालत नसत.

मी सगळ्यांसमोर चमचा वाजवला. म्हणालो, "मंडळी, हिच्या आतल्या जखमा भरून आल्यात. डॉक्टरांनी सांगितलंय. यंदा माझी बायको काकडी खाणार!"

टाळ्या वाजल्या. थेल्मा मध्ये आली. "राहू दे, ऑरिन. ती जेवून आलीय."

"चाळीस वर्षांचा उपास आहे, थेल्मा. एक तुकडा. क्लेम, सगळ्यांसमोर."

क्लेमन्सने माझ्याकडे बघितलं. असं बघणं तिचं मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि आता विसरणार नाही. मग तोंड उघडलं. मी भरवलं. ती खूप वेळ चावत राहिली. डोळ्यांत पाणी आलं. मी ओरडलो, "बघा, किती आंबट!" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "आणखी एक!" आणि मी आणखी एक दिला.

माणसं जाईपर्यंत ती खुर्चीत ताठ बसून होती. शेवटची गाडी वळणाआड गेली आणि ती खाली वाकली. तिच्या पोटाला हात लावला तर ढोलासारखं. मी ज्याला अंग भरणं समजत होतो ते हे.

रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. थेल्मा गाडी काढतेय, मला कोट घ्यायला घरात पाठवलंय. निघतो.

१ एप्रिल

शस्त्रक्रिया झाली. ती जिवंत आहे.

डॉ. लिंडक्विस्ट स्वतः बाहेर आल्या. आतड्यातली वाट एका जागी पेन्सिलीएवढीच उरली होती, म्हणाल्या. त्यात काकडीची साल अडकली. मागे आतडं फुगत गेलं आणि एके ठिकाणी फाटलं. बराच भाग काळा पडला होता. तो काढला, उरलेलं जोडलं.

"तुम्ही म्हणालात भरून आलंय," मी म्हणालो. माझा आवाज चढला.

"म्हणाले. भरून आलं, म्हणूनच बंद झालं." त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. "सूज औषधाने जाते, मिस्टर फेअरबँक्स. वण जात नाही. त्या विणणाऱ्या पेशी आठवतात? ज्यांनी मरायला हवं होतं? त्या वाढत राहिल्या, भिंत जाड करत राहिल्या. त्यांना मारायचं औषध आज तरी माझ्याकडे नाही. कापणं, एवढंच आहे. ते मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं."

"मला नाही."

"तुम्ही खोलीत होतात."

मी खिडकीबाहेर बघत होतो. मला त्या विणकरणी सुंदर वाटल्या होत्या.

"पंधरा तारखेला पुन्हा सांगितलं. दोन आठवड्यांत करून घ्या, तेव्हा छोटंसं काम होतं. क्लेमन्स म्हणाल्या, घरी बोलून कळवते."

२ एप्रिल

थेल्माला धर्मशाळेसारख्या त्या प्रतीक्षागृहात गाठलं. विचारलं, तुला माहीत होतं?

"होतं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तिने शपथ घातली. गाडीत बसून रडली आणि शपथ घातली." थेल्मा माझ्याकडे वळली. "म्हणाली, म्हाताऱ्याची शेवटची साखर आहे. मी दवाखान्यात पडले तर तो एक बादली उचलणार नाही, आणि मग जन्मभर त्या झाडांकडे बघून उसासे टाकत बसेल. दोन महिने तर काढायचेत, म्हणाली. मी किती खुणा केल्या तुला! तू आंधळा आहेस का रे, ऑरिन? की तुला दिसायचंच नव्हतं?"

शाळेत उत्तर आलं नाही की पुढच्या बाकावरून यायचं.

५ एप्रिल

आज ती बोलली. नाकात नळी, त्यामुळे हळू.

"रस येतोय का?"

"चुलीत गेला रस." मग वाईट वाटलं. "येतोय. थेल्माचा भाचा बादल्या बघतोय."

"सांडू देऊ नका."

मी तिचा हात धरून बसलो. क्षमा मागायला तोंड उघडलं की ती डोळ्यांनीच नको म्हणे. शेवटी दुसरं काही सुचेना, म्हणून पेल्कीबाईंची कविता म्हणायला लागलो. 'दिलेस ते ना उणे पडे'पर्यंत आलो आणि अडलो. विसरलो नव्हतो. 'घाव तुझा हा भरून येता' हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

क्लेमन्सने पुढची ओळ पुटपुटली नाही. छताकडे बघत म्हणाली, "पेल्कीबाईंनी आयुष्यात कधी झाडाला भोक पाडलं नव्हतं, ऑरिन."

आम्ही दोघेही हसलो. तिला हसताना टाके दुखले, म्हणून थांबलो.

८ एप्रिल

ताप. जोड सुटला आहे. आत सगळं पसरलंय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्या जोडाला नव्या पेशी हव्यात, त्यांना धागे विणायला हवेत, पण उपाशी शरीर कशातून विणणार? "यांनी महिनाभर जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही."

"खोटं आहे," मी म्हणालो. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "माझ्यासमोर बसून जेवायची. रोज ताट रिकामं असायचं. रोज. मी पाहिलंय."

त्यांनी मला दंडाला धरून बाकावर बसवलं.

जिथे नको होतं तिथे वर्षानुवर्षं भरत गेलं. आता एका बोटाएवढ्या जागेत भरायला हवं, तर भरत नाही. आयुष्यभर मी कवितांवर विश्वास ठेवला. त्यांत सगळं वेळेवर मरतं आणि वेळेवर उगवतं.

१० एप्रिल

क्लेमन्स गेली. दुपारी, खिडकीत ऊन असताना. मी तिथे होतो आणि तिला काहीही म्हणून दाखवलं नाही.

१४ एप्रिल

चर्चमध्ये सगळी वस्ती आली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच सगळे. कुणी डोळ्याला डोळा दिला नाही, मीही नाही.

जमीन अजून दगड आहे. उकरता येत नाही. या बाजूला हिवाळ्यात गेलेल्यांना मे महिन्यापर्यंत दफनभूमीच्या दगडी खोलीत ठेवतात, तशी तीही तिथे आहे. माझ्या आईच्या वेळी हे मला काव्यमय वाटलं होतं, वसंताची वाट पाहणारे लोक वगैरे. आता एवढंच कळतं, की ती थंडीत आहे आणि मी तिला अजून नीट ठेवूही शकलेलो नाही.

१७ एप्रिल

कळ्या फुटल्या. रस बिघडला, त्याला कडवट वास येतो. साखर संपली.

तोट्या काढल्या. मास्तरणीची सर्वांत शेवटी. दुसरीकडे पाडलेल्या भोकातून अजून थेंब गळत होते. मी तिथे उभा राहिलो, टोपी डोक्यावर तशीच. यंदा भोक बंद होईल, पुढल्या वर्षी साल चढेल आणि त्याच्या पुढल्या वर्षी कुणाला दिसणारही नाही.

पाक भरपूर झालाय. गेल्या कित्येक वर्षांत इतका झाला नव्हता. डबे साखरघरात रांगेने उभे आहेत. चांगला की वाईट, मला सांगता येत नाही. मी कधी चाखून पारखलाच नाही, ते तिचं काम होतं.

१८ एप्रिल

आज पहिल्यांदा घरात चूल पेटवली. थेल्माने मटण आणि वाटाण्यांचा रस्सा दिला होता, तो गरम केला. एकट्याचं ताट घेऊन टेबलाशी बसलो. रेडिओ लावला नाही.

बटन उठला. माझ्याकडे आला नाही. पलीकडे क्लेमन्सच्या खुर्चीपाशी गेला, टेबलाखाली शिरला, रिकाम्या बैठकीवर हनुवटी टेकवली आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबला. शेपटी हलत होती. रोजचं असल्यासारखा, शिकवल्यासारखा. मी हाक मारली तरी वळला नाही.

आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. रस्सा निवला.

मग मी माझं ताट उचललं, तिच्या खुर्चीपाशी गेलो आणि खाली ठेवलं.